शिंपल्यांचा निकाल पाण्यावरून लावू नका : कोकण किनाऱ्यावरील जीवाणू तपासणीबाबत खुले पत्र

प्रति,
कोकणच्या किनारी जिल्ह्यांत पिण्याचे पाणी, खाडीचे पाणी आणि मासळी यांच्या तपासणीचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावरच्या गावांतून विहिरींचे, नळयोजनांचे नमुने उचलले जातात. काही दिवसांनी गावात एक ओळ कळते : ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’. नमुना किती वाजता घेतला, प्रयोगशाळेत किती तासांनी पोचला, त्यातले किती मिलिलिटर पाणी प्रत्यक्ष तपासले आणि कोणत्या पद्धतीने, हे त्या ओळीत नसते. खाडीच्या पाण्याचा आकडा शोधला तर एखाद्या वार्षिक तक्त्यात मिळतो. पण त्याच खाडीतून निघून बाजारात वाट्याने विकल्या जाणाऱ्या तिसऱ्या, मुळे, शिनाणे, कालवे या शिंपल्यांच्या मांसात काय आहे, हे विकत घेणाऱ्याला सांगणारा कागद आमच्या बाजारांत दिसत नाही.

आम्ही सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत काम केलेले, करणारे आणि ते शिकवणारे लोक आहोत. आमच्या घरचे पाणी याच विहिरींचे आणि ताटातल्या तिसऱ्या याच खाड्यांच्या. चुकीच्या ‘योग्य’मुळे घरातले पोर आजारी पडते, चुकीच्या ‘अयोग्य’मुळे ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बाईचा बाजार बुडतो. दोन्ही चुका टाळता येण्यासारख्या आहेत, म्हणून हे पत्र. अहवालातला शब्द कोणत्या मोजणीवर उभा आहे ते लोकांसमोर ठेवा, आणि शिंपल्यांसाठी शिंपलीच तपासा, एवढे आमचे मागणे आहे.

सुरुवात बाटलीपासून करतो, कारण बरेचसे नमुने प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बिघडलेले असतात. क्लोरिन घातलेल्या पाण्याच्या बाटलीत, ती निर्जंतुक करण्याआधीच, सोडियम थायोसल्फेट घालावे लागते. १२० मिलीच्या बाटलीला ३ टक्के द्रावणाचे ०.१ मिली पुरते. लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरिन त्याने निकामी होतो. ते नसेल तर क्लोरिन वाटेतही जीवाणू मारत राहतो. सकाळी नळातून जिवंत आलेले जीवाणू दुपारपर्यंत बाटलीत मरतात आणि अहवाल स्वच्छ येतो. नळाची तोटी आधी निर्जंतुक करायची, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे, बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही, आणि वर साधारण अडीच सेंटिमीटर जागा रिकामी सोडायची. काठोकाठ भरलेली बाटली हलवून एकजीव करता येत नाही. विहिरीतला नमुना वजन बांधलेल्या निर्जंतुक बाटलीने घ्यायचा. पोहऱ्याने काढून बाटलीत ओतला तर पोहऱ्याचे आणि दोरीचे जीवाणू त्यात येतात.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून तासाभरात घेतलेला नमुना त्या तासापुरताच बोलतो. म्हणून नमुना घेताना पाण्यातला उरलेला क्लोरिन त्याच जागी मोजून लिहिला पाहिजे. त्यासाठी ओटी चाचणीच्या पिवळ्या रंगावर विसंबणे आता सोडावे. त्यातले ऑर्थोटोलिडिन मुक्त क्लोरिन आणि इतर द्रव्यांशी बांधला गेलेला संयुक्त क्लोरिन नीट वेगळे दाखवत नाही, आणि पाण्यात लोह किंवा मँगनीज असले तरी पिवळसर होते. जांभ्या खडकातल्या विहिरींना लोह नवे नाही. डीपीडी गोळीने मुक्त क्लोरिन वेगळा मोजता येतो, आणि आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मागितलेला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हा मुक्त क्लोरिनच आहे.

मग प्रवास. नमुना सहा तासांत तपासायला घ्यावा, फार तर चोवीस तासांत. वाटेत १० अंश सेल्सिअसच्या खाली राहावा, पण गोठू नये. दोडामार्गच्या डोंगरातून किंवा मंडणगडच्या टोकाच्या वाडीतून निघालेली बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडून राहिली, तर त्यातले कोलिफॉर्म (मैल्याची खूण मानले जाणारे जीवाणू) वाढलेले असू शकतात किंवा मेलेलेही असू शकतात. पाण्यात सेंद्रिय द्रव्य असेल तर वाढतात, नसेल तर बहुधा घटतात. नंतर आकड्यात दुरुस्ती करण्याचे सूत्र कुणाकडे नाही. असा नमुना नाकारून पुन्हा मागवणे हाच मार्ग आहे. तापमान आणि वेळ यांच्या नोंदीविना आलेला एकही नमुना प्रयोगशाळेने स्वीकारू नये.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट : किती पाणी तपासले. आयएस १०५००:२०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिली नमुन्यात ई. कोलाय (मैल्यातून येणारा कोलिफॉर्म) आढळता कामा नये. आता असे पाणी घ्या ज्यात सरासरी १०० मिलीला २ ई. कोलाय आहेत, म्हणजे मानकानुसार ते अयोग्यच आहे. त्यातले २० मिली एका कुपीत घेतले तर त्यात एकही जीवाणू न येण्याची शक्यता ६७ टक्के. किती नळ्यांत जीवाणू वाढले आणि किती कोऱ्या राहिल्या यावरून संख्येचा अंदाज बांधणाऱ्या, नेहमीच्या पंधरा नळ्यांच्या एमपीएन पद्धतीत १० मिलीच्या पाच, १ मिलीच्या पाच आणि ०.१ मिलीच्या पाच नळ्या लावतात. त्यांत मिळून ५५.५ मिली पाणी जाते, आणि सगळ्या नळ्या कोऱ्या राहण्याची शक्यता ३३ टक्के. पूर्ण १०० मिली तपासले तरी १३ टक्क्यांच्या वर. जीवाणू पाण्यात विरघळलेले नसतात, सुटे सुटे विखुरलेले असतात; त्यामुळे लहान मापात ते निसटतात आणि त्यात तपासनिसाचा दोष नसतो. दोष २० मिलीच्या कुपीवरून ‘१०० मिलीत आढळले नाही’ असे लिहिण्याचा आहे. पंधराही नळ्या कोऱ्या असतील तर उत्तर ‘१.८ पेक्षा कमी’ असे येते. ते शून्य नव्हे, आणि मानक पूर्ण झाल्याचा पुरावाही नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी ५० मिलीची एक आणि १० मिलीच्या पाच नळ्या लावा, किंवा १०० मिली पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळा. पावसाळ्यातल्या तांबड्या गढूळ पाण्याने पडदा तुंबतो, त्यावर वाढणाऱ्या जीवाणूंच्या वसाहती एकमेकींत मिसळतात आणि मोजणी फसते. तेव्हा नळ्यांचीच पद्धत बरी.

गावपातळीवरच्या एच-टू-एस कुपीबद्दल आम्हाला विशेष बोलायचे आहे. गावातल्या पाच महिलांना शिकवून त्यांच्या हाती किट देण्याची जलजीवन मिशनची कल्पना आम्हाला मनापासून पटते, आणि ती टिकावी असे वाटते. ही चाचणी भारतातच तयार झाली. मांजा, मौर्य आणि राव यांनी ती १९८२ साली मांडली. स्वस्त आहे, इन्क्युबेटरवाचून (ठरावीक ऊब देणाऱ्या पेटीवाचून) चालते, आणि कुपी काळी पडली की निकाल कुणालाही वाचता येतो. पण ती मोजते हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जीवाणू. सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, प्रोटियस, क्लॉस्ट्रिडियम यांच्यातले बरेच तो वायू सोडतात; ई. कोलाय सहसा सोडत नाही. विष्ठेबरोबर हे सगळे एकत्र येतात म्हणून चाचणी उपयोगी पडते. आता खाडीकाठच्या, खारफुटीजवळच्या विहिरी पाहा. तिथल्या चिखलात सल्फेटपासून सल्फाइड करणारे जीवाणू मुळातच असतात, कधी पाण्यालाच सडक्या अंड्यासारखा वास असतो. अशा विहिरीची कुपी मैला नसतानाही काळी होऊ शकते. दोन-चार तासांतच काळी पडली तर ते पाण्यातले आयते सल्फाइड समजावे. जीवाणू वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. उलट जानेवारीतल्या गार रात्री कुपी खिडकीत ठेवली तर २४ तासांत रंग येत नाही, ४८ तासांनी येतो, आणि तोवर निकाल लिहून झालेला असतो. हे त्या महिलांना प्रशिक्षणात सांगितलेच पाहिजे. आणि एका काळ्या कुपीवर विहीर बंद करू नये, एका कोऱ्या कुपीवर ती खुलीही जाहीर करू नये. कुपी फक्त प्रयोगशाळेत कोणता नमुना आधी पाठवायचा ते ठरवील.

प्रयोगशाळेच्या आतले बिघाड बाहेरच्यांना दिसत नाहीत. मैल्यातले कोलिफॉर्म वेगळे काढण्याची पायरी ४४.५ अंशांवर होते आणि तिला चूक परवडते ती फक्त ०.२ अंशाची. हवेच्या इन्क्युबेटरमध्ये वरच्या आणि खालच्या फळीतच याहून जास्त फरक असतो. तिथे झाकणाचा वॉटर बाथ लागतो आणि पाण्याची पातळी नळीतल्या माध्यमाच्या, म्हणजे जीवाणूंच्या खाद्याच्या, वर ठेवावी लागते. तापमान ४३ वर उतरले तर मातीतले, पाल्यापाचोळ्यातले जीवाणूही वाढतात, ४५.५ च्या वर गेले तर ई. कोलायच दबतो. कोकणात पावसाळ्यात वीज जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग बाथमध्ये रात्रभराचे किमान-कमाल तापमान नोंदणारे यंत्र का नसावे? आणखी एक बारीक चूक वारंवार घडते : १० मिली नमुन्याच्या नळीत दुप्पट तीव्रतेचे ब्रॉथ (द्रव माध्यम) लागते. तिथे साधे भरले तर नमुना मिसळताच ते पातळ होते, वाढ मंदावते, आणि वायू पकडणाऱ्या छोट्या उलट्या डरहॅम नळीत बुडबुडा येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) साखरेचे ब्रॉथ जास्त वेळ ठेवले तर त्यातली लॅक्टोज ही साखर फुटते. मग लॅक्टोज न पचवणारे जीवाणूही आम्ल करून दाखवतात. या चुका धरण्याचा उपाय प्रत्येक बॅचसोबत तीन जादा ‘कंट्रोल’ नळ्या लावणे हा आहे : एकीत ओळखीचा ई. कोलाय, दुसरीत ४४.५ अंशांवर गप्प राहणारा एंटेरोबॅक्टर, तिसरीत नुसते निर्जंतुक पाणी. पहिली वाढलीच पाहिजे, उरलेल्या दोन कोऱ्या राहिल्याच पाहिजेत. खर्च नगण्य आहे.

क्लोरिनचा मार खाल्लेले जीवाणू मेलेले नसतात, जखमी असतात. पित्तक्षार असलेल्या मॅककॉन्की ब्रॉथमध्ये ते थेट टाकले तर वाढत नाहीत. पोटात गेल्यावर त्यांतले काही सावरू शकतात. म्हणजे कडक माध्यम आकडा खोटा कमी दाखवते. पुढे शिंपल्यांच्या बाबतीत हे पुन्हा येईल.

एमपीएन म्हणजे अंदाज आहे, तोही रुंद. पाच-पाच नळ्यांच्या पद्धतीत ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढायला मिळालेल्या आकड्याला साधारण ३.३ ने भागायचे आणि गुणायचे. अहवालात २३० असेल तर खरा आकडा ७० असू शकतो, ७५० ही असू शकतो. तीन-तीन नळ्या वापरल्या तर पट्टा आणखी रुंद, गुणक सुमारे ४.७. त्यामुळे गेल्या महिन्यात १७० होते आणि या महिन्यात ३५० झाले म्हणून खाडी बिघडली, किंवा उलट झाले म्हणून सुधारली, असे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. ‘१६०० पेक्षा जास्त’ हा तर आकडाच नव्हे. सगळ्याच नळ्यांत जीवाणू वाढले, म्हणजे नमुना पुरेसा पातळ केला नव्हता एवढाच त्याचा अर्थ. तो १६०० धरून सरासरी काढली की सर्वांत घाण जागा आहे त्याहून खूपच सौम्य दिसते. सांडपाण्याच्या तोंडाशी घेतलेला नमुना ०.१ मिलीपासून पुढे पातळ करत न्यायला हवा.

आता खाडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किनारी पाण्याच्या निकषांत एसडब्ल्यू-१ हा वर्ग मिठागरे, शिंपले-संकलन, मत्स्यशेती आणि संवेदनशील क्षेत्रांसाठी आहे. त्यात सामू, विरघळलेला प्राणवायू, रंग-वास, तरंगते पदार्थ, गाळ, तेल, जड धातू आहेत. मैल्यातल्या कोलिफॉर्मची मर्यादा त्यात नाही. ती आहे एसडब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे पोहण्याच्या पाण्यासाठी : १०० मिलीला १००. माणूस जिथे पोहतो तिथे जीवाणू मोजायचे, आणि जिथून पोटात जाणारी शिंपली निघते तिथे मोजायचे नाहीत, ही उणीव आम्हाला गंभीर वाटते. अमेरिकेत शिंपले काढायला खुल्या क्षेत्राच्या पाण्यात मैल्यातल्या कोलिफॉर्मचा मध्य (सगळ्या नमुन्यांतला मधला आकडा) १०० मिलीला १४ च्या वर चालत नाही, आणि दहा टक्क्यांहून जास्त नमुने ४३ च्या वर जाता कामा नयेत. हा ४३ पाच नळ्यांच्या पद्धतीसाठी. तीन नळ्यांसाठी ४९, पडद्याच्या पद्धतीसाठी ३१. मर्यादा पद्धतीशी बांधलेली असते ती अशी. आपल्या अहवालात पद्धतच लिहिलेली नसेल तर तो आकडा कोणत्या मर्यादेशी ताडायचा?

शिवाय खाडीचे पाणी तासातासाला बदलते. भरतीच्या माथ्यावर, भर दुपारी घेतलेल्या नमुन्यात समुद्राचे स्वच्छ पाणी असते आणि ऊन-मीठ मिळून ई. कोलाय झपाट्याने मारत असतात. त्याच जागी पहाटेच्या ओहोटीच्या शेवटी गावातून उतरणारे व्हाळ, पऱ्या (ओढे) आणि शौचखड्ड्यांचा पाझर खाडीत जास्त असतो. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. अहवालात भरती-ओहोटीची वेळ, मागच्या ४८ तासांतला पाऊस आणि क्षारता नसेल तर त्या आकड्याचा काही अर्थ लागत नाही. खाऱ्या पाण्यात आतड्यातले एंटेरोकोकाय ई. कोलायपेक्षा जास्त टिकतात, म्हणून समुद्रस्नानाच्या जागांसाठी जगभर त्यांची मोजणी वाढली आहे; इथेही ती जोडावी. तयार पावडरीच्या जलद चाचण्या खाऱ्या पाण्यात किमान दहापट पातळ करूनच वापराव्या लागतात, नाहीतर समुद्रातले निरुपद्रवी जीवाणूही रंग बदलून दाखवतात.

आणि शिंपली. ती तासाला लिटरांनी पाणी गाळते आणि त्यातले कण, जीवाणू, विषाणू आत साठवते. तिच्या मांसातले ई. कोलाय भोवतालच्या पाण्याच्या कित्येक पट असतात. सकाळी मैल्याचा लोट येऊन गेला, दुपारी पाणी निवळले, तरी शिंपलीत तो राहतो. त्यामुळे दुपारच्या बाटलीवरून तिसऱ्यांना निर्दोष ठरवता येत नाही. युरोपात म्हणूनच मांस तपासतात : ‘अ’ वर्गाच्या क्षेत्रात ८० टक्के नमुन्यांत १०० ग्रॅम मांस व आतल्या पाण्यात ई. कोलाय २३० च्या आत आणि उरलेले ७०० च्या आत. ‘ब’ वर्गात ९० टक्के नमुने ४,६०० च्या आत, आणि हा माल शुद्धीकरण टाकीतून किंवा ठरलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून गेल्याखेरीज विकता येत नाही. जिवंत शिंपल्यांसाठीच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातही पाच नमुन्यांपैकी एकच २३० च्या वर चालतो, ७०० च्या वर एकही नाही.

ही तपासणी कोकणात करता येण्यासारखी आहे. पायऱ्या अशा. ओहोटीला, ठरलेल्या खुणेच्या जागेवरून, जिथून बायका प्रत्यक्ष काढतात तिथूनच, किमान दहा जिवंत नग घ्यायचे. तिसऱ्या लहान असतात म्हणून मांस आणि आतले पाणी मिळून १०० ग्रॅम भरेल इतक्या. चिखल स्वच्छ पाण्याने धुवायचा, पण पाण्यात बुडवून ठेवायच्या नाहीत. बुडवल्या की त्या तोंड उघडतात आणि आतले सोडतात किंवा बाहेरचे घेतात. पिशवीत भरून शीतपेटीत, बर्फाला थेट न चिकटवता, १० अंशांखाली, चोवीस तासांत प्रयोगशाळेत. बाजारातून उचललेला नमुना खाडीचा म्हणून धरू नये. विक्रेतीने शिंपडलेल्या पाण्याचे जीवाणू त्यात आलेले असतात.

प्रयोगशाळेत उघड्या तोंडाच्या, मेलेल्या टाकून द्यायच्या. निर्जंतुक सुरीने उघडून मांसाबरोबर आतले पाणीही घ्यायचे. ते ओतून दिले तर आकडा बदलतो. दर ग्रॅमला ०.१ टक्के पेप्टोन पाणी २ मिली घालून ब्लेंडरमध्ये एकजीव करायचे. त्यातले ३० मिली ७० मिली पेप्टोन पाण्यात मिसळले की दहास एक प्रमाण होते. त्यावरून १ ग्रॅम, ०.१ ग्रॅम, ०.०१ ग्रॅम अशा पाच-पाच नळ्या, खनिजयुक्त ग्लुटामेट ब्रॉथमध्ये, ३७ अंशांवर २४ तास. जराही पिवळी पडलेली प्रत्येक नळी पित्तक्षार-ग्लुकुरोनाइड अगारवर (जेलीसारख्या घट्ट माध्यमावर) रेघाटून ४४ अंशांवर साधारण २२ तास ठेवायची. निळ्या-हिरव्या वसाहती म्हणजे ई. कोलाय. ही आयएसओ १६६४९-३ ची पद्धत. ग्लुटामेट ब्रॉथ सौम्य आहे, जखमी जीवाणूंना सावरू देते. त्याच्या जागी मॅककॉन्की वापरून पैसे वाचवू नयेत. चमक पाहून निकाल देणाऱ्या एमयूजी चाचणीचा सापळाही लक्षात ठेवावा : ही चमक ई. कोलायच्या ग्लुकुरोनिडेज या विकरामुळे येते, पण कालव्यांच्या मांसात ते विकर मुळातच असते, त्यामुळे पहिल्याच नळीत मांसाचा अंश असताना जीवाणूवाचूनही चमक येते. ती चाचणी दुसऱ्या टप्प्यात, मांस मागे राहिल्यावरच लावायची.

एवढे करूनही ई. कोलायचा आकडा सगळे सांगत नाही. स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवलेली शिंपली ई. कोलाय एक-दोन दिवसांत टाकते, जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस-ए मात्र कितीतरी जास्त काळ धरून ठेवते. १९८८ साली शांघायमध्ये अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांतून सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस-ए झाला. आपल्याकडे शिंपल्या कच्च्या खात नाहीत हे खरे, आणि ते मोठे संरक्षण आहे. पण नुसते तोंड उघडेपर्यंत वाफवणे पुरेसे नाही. हा विषाणू मारायला मांसाच्या आत ९० अंश तापमान ९० सेकंद लागते. आणि आपल्या घरांत तिसऱ्या कच्च्याच विळीवर फोडतात, त्याच विळीवर नंतर कोथिंबीर चिरली जाते. रेती सुटावी म्हणून रात्रभर पाण्यात ठेवल्याने रेतीच सुटते. विब्रिओ जातीचे जीवाणू तर मैल्यावाचून उबदार खाडीत मुळातच असतात, ई. कोलायशी त्यांचा हिशेब जुळत नाही, आणि काढल्यापासून बाजारापर्यंत उन्हात राहिलेल्या टोपलीत ते भराभर वाढतात. विब्रिओंसाठीच्या टीसीबीएस अगारवर विब्रिओ पॅराहिमोलिटिकसच्या वसाहती हिरव्या आणि कॉलऱ्याच्या विब्रिओच्या पिवळ्या येतात. पिवळ्या दिसल्या म्हणून लगेच कॉलरा जाहीर करू नये, इतर विब्रिओही पिवळे येतात. एप्रिल ते जूनमध्ये ही तपासणी वेगळी हवी.

आमच्या मागण्या :

१. पाण्याच्या प्रत्येक अहवालावर नमुन्याची तारीख-वेळ, पोचण्याची वेळ आणि तेव्हाचे तापमान, तपासलेले पाणी मिलीमध्ये, पद्धतीचे नाव, जागेवर मोजलेला मुक्त क्लोरिन आणि त्या बॅचच्या कंट्रोल नळ्यांचा निकाल छापा. खाडीच्या अहवालावर भरती-ओहोटी, पाऊस आणि क्षारताही. ‘योग्य-अयोग्य’ त्याखाली लिहा.

२. चोवीस तासांपेक्षा जुना किंवा तापलेला नमुना नाकारा, आणि किती नमुने नाकारले तेही प्रसिद्ध करा.

३. एच-टू-एस कुपीचा निकाल प्राथमिक समजा. काळ्या कुपीच्या प्रत्येक विहिरीचा १०० मिलीचा नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या, आणि कोऱ्या कुपीच्या विहिरींतलेही काही दरवेळी पडताळा.

४. जिथून शिंपल्या काढतात त्या खाड्यांची यादी काढणाऱ्या बायकांना विचारून करा. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा मांस तपासा, आणि पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर एकदा जादा. वर्षभराचे आकडे हाती आल्यावरच क्षेत्राचा वर्ग ठरवा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. अशा संस्थांना या कामात सोबत घ्या.

५. एसडब्ल्यू-१ वर्गात जीवाणूंची मर्यादा घालण्याची शिफारस राज्याकडून केंद्राकडे लेखी जाऊ द्या.

६. एखादे क्षेत्र बंद करायची वेळ आली तर आधी दुसरा नमुना तपासून खात्री करा, किती दिवसांनी पुन्हा तपासणार ते त्याच सूचनेत लिहा, आणि तेवढ्या दिवसांची भरपाई तिथे शिंपल्या काढणाऱ्या कुटुंबांना द्या. मैला कुठून येतो तो व्हाळ शोधणे ही त्याच आदेशाची दुसरी ओळ असावी.

७. प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांनी वर्षातून किमान एकदा एकच वाटून घेतलेला नमुना तपासून आपापले निकाल शेजारी-शेजारी प्रसिद्ध करावेत.

नमुने घेणाऱ्यांचे आणि किट वापरणाऱ्या महिलांचे प्रशिक्षण आम्ही विनामोबदला घेऊ. तारीख आणि जागा तुम्ही सांगा. या पत्राचे उत्तर लेखी आणि जाहीर मिळावे, कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का, अशा स्वरूपात, पुढच्या पावसाळ्यापूर्वीचे नमुने उचलायला सुरुवात होण्याआधी.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील काही प्रयोगशाळाकर्मी आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक